जुन्या चर्चभोवती बांधलेला घुमट



या व्याख्यानमालेत आजवर लेणी झाली, किल्ले झाले, पेशवाईतले वाडे झाले. यंदा मी तुम्हाला भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर नेणार आहे, तेही एका गावचं चर्च दाखवायला. विषय कळवला तेव्हा ‘लोक येतील ना?’ असं मला हळूच विचारण्यात आलं होतं. तुम्ही आलात, त्याबद्दल आधीच आभार मानून ठेवतो. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते विद्यार्थ्यांना कुठल्याही इमारतीपुढे उभं करून पहिला प्रश्न एकच विचारत: ही बांधत होते तेव्हा गवंडी कुठं उभा होता? शैली कोणती, शतक कोणतं, राजा कोण, हे सगळं मागाहून. आज मी तोच प्रश्न घेऊन बोलणार आहे.

गावाचं नाव मोस्ता, देश माल्टा. सिसिलीच्या दक्षिणेला असलेली ही बेटं सगळी मिळून सव्वातीनशे चौरस किलोमीटर भरतील न भरतील. मोस्ता साधारण बेटाच्या मध्यावर येतं. तिथलं चर्च मेरीमातेच्या स्वर्गारोहणाला वाहिलेलं आहे, पण सगळे त्याला रोटुंडा म्हणतात, कारण ते गोल आहे. पडद्यावर पाहा. पुढे सहा आयोनिक स्तंभांची दर्शनी रांग, तिच्यावर त्रिकोणी शिखरपट्टी, दोन्ही अंगांना एकेक घंटाघर, आणि या सगळ्याला मागे टाकून वर आलेला घुमट. त्याचा आतला व्यास सुमारे ३७ मीटर आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत विजापूरचा गोलघुमट पाहिलेला असतो. त्याचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. म्हणजे मुहम्मद आदिलशहानं सगळ्या राज्याचा खजिना पाठीशी असताना स्वतःच्या कबरीवर जेवढा घुमट उभा केला, जवळजवळ तेवढाच घुमट एका शेतकरी गावानं आपल्या रविवारच्या प्रार्थनेसाठी उभा केला. एवढ्या आकड्यानंच मला या चर्चच्या नादी लावलं.

आता शैलीबद्दल थोडं बोलायला हवं, पण थोडंच. अठराव्या शतकाच्या मध्यावर हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही राखेखाली गाडली गेलेली शहरं खणून वर येऊ लागली. स्टुअर्ट आणि रेव्हेट हे दोघे इंग्रज अथेन्सला जाऊन तिथल्या भग्न इमारतींची मोजमापं घेऊन आले, आणि त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ साली निघाला. बरोक शैलीच्या वळणांना, सोनेरी ढगांना आणि गुबगुबीत देवदूतांना कंटाळलेल्या युरोपला सरळ रेषा, मोजके स्तंभ आणि उघडी भिंत आवडू लागली. यालाच नवअभिजात शैली म्हणतात. ती लवकरच राज्यकर्त्यांची शैली झाली: न्यायालयं, बँका, संग्रहालयं, कचेऱ्या. मुंबईकरांना दूर जायला नको. एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, ज्याच्या पायऱ्यांवर आता मुलं फोटो काढत बसलेली असतात, तो याच शैलीतला आहे. कर्नल थॉमस कूपर या लष्करी इंजिनिअरनं तो आखला आणि १८३३ साली तो पुरा झाला. त्याच वर्षी, ३० मे १८३३ रोजी, मोस्ताच्या रोटुंडाची पायाभरणी झाली. दोन्ही ठिकाणी राज्य इंग्रजांचंच होतं. फरक एवढाच, की टाउन हॉल सत्तेनं शहराला दिला, आणि रोटुंडा गावानं स्वतःला दिला. माझ्या मते हा फरक इमारतीच्या दगडादगडात दिसतो.

गोल चर्चची हौस त्या काळी इटलीत सगळीकडे होती. नेपोलियन पडला, जुने राजे परतले आणि त्याबद्दल देवाचे आभार मानायला रोमच्या पॅन्थिऑन या प्राचीन गोल देवळाच्या धर्तीवर चर्चं उठली. तुरीनमध्ये ग्रान माद्रे दी दिओ, नेपल्समध्ये सान फ्रान्चेस्को दी पाओला. पोसान्यो या लहानशा गावात तर कानोव्हा या थोर शिल्पकारानं स्वतःच्या पैशानं असंच मंदिरवजा चर्च १८१९ साली सुरू केलं. कानोव्हा १८२२ साली गेला आणि पुढलं काम त्याच्या सावत्र भावानं तडीस नेलं. तेही गावचंच चर्च आहे आणि फार देखणं आहे. पण तिथं मागे एक श्रीमंत माणूस होता.

मोस्तात असा कोणी नव्हता. तिथं होते फेलिचे कालेया नावाचे पाद्री. गावची वस्ती वाढत होती. सतराव्या शतकातलं जुनं चर्च, जे तोम्मासो दिंगली या माल्टीज वास्तुकाराचं काम मानलं जातं, ते अपुरं पडू लागलं होतं. कालेयांनी नव्या चर्चची कल्पना मांडली आणि आपली मालमत्ता त्यासाठी दिली. तेवढ्यानं भागणार नव्हतं, पण एका पाद्र्यानं घरदार पुढे केल्यावर गावाला मागे हटता येईना.

आराखडा कोणाचा? इथं गोष्टीत एक विलक्षण माणूस येतो. जॉर्जो ग्रोन्ये द वासे. जन्म १७७४, फ्रेंच वंशाचा माल्टीज. तरुणपणी तो फ्रेंच सैन्यात होता. वास्तुशास्त्राचं रीतसर शिक्षण त्यानं घेतलेलं नव्हतं; जे शिकला ते पुस्तकांतून, इटलीतल्या इमारती पाहून आणि लष्करी कामातून. आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. समुद्रात बुडालेल्या अटलांटिस खंडाचा उरलेला तुकडा म्हणजेच माल्टा, यावर त्याचा ठाम विश्वास होता. १८५४ साली त्यानं त्यावर पुस्तिका छापली, आणि हे सिद्ध करायला बनावट प्राचीन वस्तू घडवण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. पुराणवस्तूंच्या बाबतीत या गृहस्थाच्या शब्दावर कोणी विसंबू नये. घुमटाचं वजन कुठं जाईल या बाबतीत मात्र त्याचा हिशेब चोख होता. एकाच डोक्यात हे दोन्ही कसं नांदत होतं, याचं मला आजही नवल वाटतं. पण आपल्याकडच्या हौशी इतिहासकारांची ज्यांना सवय आहे, त्यांना नवल वाटायचं कारण नाही.

ग्रोन्येचा आराखडा बिशपांना पसंत पडला नाही. बिशप होते फ्रान्चेस्को सावेरियो कारुआना. त्यांचं म्हणणं, हे तर मूर्तिपूजक रोमनांचं देऊळ झालं, ख्रिस्ती चर्च असं कसं असेल? तर्काला धरून पाहिलं तर हा आक्षेप लंगडा आहे. ज्या पॅन्थिऑनचा हा आराखडा ऋणी होता ते इसवी सन ६०९ पासून चर्चच आहे, आणि पोपच्या डोळ्यांदेखत आहे. मग बिशप एवढे का अडले? याचं उत्तर आराखड्यात शोधण्यापेक्षा पस्तीस वर्षं मागे जाऊन शोधावं असं मला वाटतं.

जून १७९८. इजिप्तच्या वाटेवर नेपोलियन माल्टात उतरला आणि त्यानं सेंट जॉनच्या सरदारांचं अडीचशेहून अधिक वर्षांचं राज्य काही दिवसांत संपवलं. मग फ्रेंचांनी चर्चमधलं चांदीसोनं गोळा करायला सुरुवात केली. सप्टेंबरच्या सुरुवातीला गावं उठली. फ्रेंच फौज दोन वर्षं राजधानी व्हॅलेटाच्या तटबंदीत कोंडून पडली आणि १८०० साली शरण आली. या उठावाच्या पुढाऱ्यांपैकी एक होते कॅनन कारुआना, हेच पुढे बिशप झालेले. त्यांच्यापुढे आराखडा घेऊन आला तो फ्रेंच नावाचा, फ्रेंच सैन्यात राहिलेला ग्रोन्ये. कागदावर आक्षेप रोमन देवळाचा असेल, पण मनात तोफांचे आवाज नसतील असं मला म्हणवत नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. ते काही असो, आराखडा शेवटी मंजूर झाला आणि काम सुरू झालं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मोस्ताचं चर्च म्हणजे पॅन्थिऑनची नक्कल असं प्रवासी पुस्तकांत लिहिलेलं असतं. नक्कल कुठवर आहे ते आधी मोजून घेऊ. पॅन्थिऑनपुढे आठ कोरिंथियन स्तंभ आहेत, इथं सहा आयोनिक. पॅन्थिऑनचा घुमट काँक्रीटचा, ४३ मीटरहून मोठा, त्याच्या माथ्याला उघडं भोक आहे ज्यातून पाऊस आत पडतो. इथला घुमट घडीव दगडाचा आणि त्याच्या माथ्यावर दीपघर आहे. राहिली दोन घंटाघरं. पुष्कळ टीकाकार त्यांच्यावर डाफरतात, की रोमन आराखड्याला हे गावठी शेपूट कशाला? पण ग्रोन्येच्या काळात खुद्द पॅन्थिऑनलाच दोन घंटाघरं होती. सतराव्या शतकात पोप आठव्या अर्बननं ती बसवली, रोमचे लोक त्यांना गाढवाचे कान म्हणून हसत, आणि १८८० च्या दशकात ती उतरवली गेली. म्हणजे आज आपल्याला जी मोस्ताची भर वाटते, ती त्या वेळच्या माणसाला पॅन्थिऑनचाच भाग वाटली असणार. दर्शनी भागाबद्दल मी मात्र ग्रोन्येची बाजू घेणार नाही. स्तंभ, घंटाघरं आणि घुमट एकमेकांशी नीट बोलत नाहीत. समोरून पाहिलं तर घुमट मागे राहतो, बाजूनं पाहिलं तर दर्शनी भाग चिकटवल्यासारखा वाटतो.

पण गवंडी कुठं उभा होता? तो जुन्या चर्चच्या बाहेर उभा होता. कामाचा सगळा घाट असा, की जुनं चर्च पाडायचं नाही. त्याच्याभोवती गोल पाया खणायचा, गोल भिंत उठवायची, भिंतीवर घुमट चढवायचा, आणि एवढं होईपर्यंत आतल्या जुन्या चर्चमध्ये लग्नं, बारसी, अंत्यविधी, रोजची प्रार्थना चालू ठेवायची. तसंच झालं. काम सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चाललं. १८३३ साली ज्या मुलाचा बाप्तिस्मा त्या जुन्या चर्चमध्ये झाला, त्याचं लग्नही तिथंच लागलं असेल, फक्त मधल्या काळात आजूबाजूला भिंत वर गेली आणि डोक्यावर दुसरं आभाळ बंद झालं. १८६० साली, नवा घुमट पुरा झाल्यावर, आतलं जुनं चर्च मोडून त्याचे दगड बाहेर काढले.

हे लक्षात घेतलं की व्यासाचा प्रश्न सुटतो. एवढं मोठं का? एका गावाला ३७ मीटरची काय गरज? हौस होती, ईर्षा होती, पॅन्थिऑनचं वेड होतं, सगळं खरं. पण वर्तुळात एक उभं चर्च मावायचं होतं, आणि त्याच्या भिंतींना धक्का न लावता बाहेरून काम करायला जागाही हवी होती. म्हणून मी या इमारतीला पॅन्थिऑनची नक्कल म्हणण्याऐवजी जुन्या चर्चभोवती घातलेलं कुंपण म्हणेन, जे वर जाता जाता घुमट झालं.

दगडाबद्दल सांगायला हवं, कारण माल्टात दगडाशिवाय दुसरं काही नाही. मोठी झाडं नाहीत, त्यामुळे लाकूड बाहेरून आणावं लागतं आणि ते महाग पडतं. घरांची छपरंसुद्धा दगडी कमानींवर दगडी फरशा टाकून केलेली असतात. इथला चुनखडीचा पिवळसर दगड, ज्याला तिथले लोक फ्रांका म्हणतात, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्यारानं सहज कापता येतो, आणि हवा लागली की वरून कठीण होत जातो. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. जांभा चिऱ्याचं असंच असतं. अशा दगडात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या गवंड्यांकडे कागदावरचं गणित नसलं तरी हात होता. घुमट उठवणारा मुख्य गवंडी आंजेलो गात. त्यानं घुमटाखाली लाकडी सांगाडा उभा केला नाही असं सांगतात. आणि खाली जुनं चर्च उभं असताना, लाकूड महाग असताना, तो उभा करणार तरी कुठून?

सांगाड्याशिवाय घुमट उभा राहतो कसा? कमान आणि घुमट यांत हाच फरक आहे. कमान मधला शेवटचा दगड बसेपर्यंत पडू पाहते, म्हणून तिला खालून आधार लागतो. घुमट थर थर चढतो आणि प्रत्येक थर म्हणजे एक पुरं वर्तुळ असतं. वर्तुळाचा शेवटचा दगड बसला की त्या थरातले सगळे दगड एकमेकांना दाबून धरतात, कोणालाच आत घसरायला वाव उरत नाही. मग त्या बंद झालेल्या थरावर उभं राहून गवंडी पुढचा थर लावतो. धोका असतो तो थर अर्धा असताना. फ्लोरेन्सचा घुमट पंधराव्या शतकात ब्रुनेलेस्कीनं चढवला तोही खालून लाकडी आधार न देता. पण घुमट फक्त खाली दाबत नाही, तो बाहेरही ढकलतो, आणि ते ढकलणं कोणीतरी सोसावं लागतं. मोस्तात ते सोसते भिंत. ती सुमारे नऊ मीटर जाड आहे. एवढ्या जाडीतच वेद्यांचे खोल कोनाडे काढले आहेत, त्यामुळे आत गेल्यावर भिंतीचा बोजा जाणवत नाही. इंजिनिअर मंडळी म्हणतील, इतकी जाडी लागत नव्हती. नसेलही. पण ज्याच्याकडे पदवी नाही आणि ज्याच्या घुमटाखाली सगळं गाव रोज प्रार्थनेला बसतं आहे, त्यानं जाडीत कंजुषी करायला नको होती, आणि त्यानं ती केली नाही.

मजुरीचं काय? बरंचसं काम गावकऱ्यांनी अंगमेहनतीनं केलं. रविवारी आणि सणाला प्रार्थना आटोपली की बायाबापड्या, पोरं, सगळे दगड वाहायला लागत, असं गावात आजही सांगतात.

नेमक्या याच वर्षांत व्हॅलेटात काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे. १८३८ च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या विधवा राणी अॅडलेड हवापालटासाठी माल्टात आल्या. इथं इंग्रजांसाठी धड चर्च नाही हे पाहून त्यांनी स्वतःच्या खर्चानं सेंट पॉलचं अँग्लिकन चर्च बांधायला घेतलं. १८३९ साली त्याची पायाभरणी झाली. आराखडा सरकारी बांधकामांवरच्या अधिकाऱ्याचा, रिचर्ड लँकशियरचा. तीही नवअभिजात शैलीच. दोनच वर्षांत बांधकामात गंभीर दोष दिसले, आणि विल्यम स्कॅम्प या दुसऱ्या इंजिनिअरला बोलावून काम सावरावं लागलं. १८४४ साली ते चर्च पुरं झालं. राणीचा पैसा, सरकारचा वास्तुकार, आणि तडा गेला तिकडे. काही किलोमीटरवर पोथ्या वाचून शिकलेला अटलांटिसवेडा आणि गावचा गवंडी मिळून ३७ मीटरचा घुमट शांतपणे चढवत होते. यावरून शिक्षणाविरुद्ध काही सिद्ध होत नाही, हे समोर बसलेल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगतो. घाई आणि जाडी या दोन गोष्टींबद्दल मात्र थोडं सिद्ध होतं.

आत निळ्या, पांढऱ्या आणि सोनेरी रंगांचा घुमट आहे, चौकटीचौकटींनी भरलेला. भिंतींवर जुझेप्पे काली या माल्टीज चित्रकाराची चित्रं आहेत. नवअभिजात शैलीच्या कडक शिस्तीत एवढा रंग बसत नाही, आणि बरोकपासून पळालेल्या वास्तूत बरोक मागल्या दारानं परत आला अशी तक्रार करता येईल. मी करणार नाही. गावाला आपल्या मेरीमातेसाठी सोनं हवं होतं. अथेन्सची शिस्त त्यांनी भिंतीपुरती घेतली. चर्चचा रीतसर अभिषेक १८७१ साली झाला. तोवर कोणाला त्याची घाई नव्हती, कारण त्या जागी प्रार्थना कधी थांबलेलीच नव्हती.

एवढं सगळं सांगूनही मला माहीत आहे की तुमच्यापैकी जे कोणी माल्टाला जाऊन आले असतील, ते दुसऱ्याच गोष्टीची वाट पाहत बसले आहेत. ती अशी. ९ एप्रिल १९४२. दुसरं महायुद्ध. माल्टावर जर्मन आणि इटालियन विमानं महिनोन्‌महिने बॉम्ब टाकत होती, आणि मोस्ताजवळच ता कालीचा लष्करी विमानतळ होता. दुपार कलताना चर्चमध्ये अडीचशेहून अधिक माणसं संध्याकाळच्या प्रार्थनेची वाट पाहत होती. बॉम्ब पडले. काही घुमटावरून, आवारातून उडून न फुटताच राहिले. एक घुमट भेदून सरळ आत, माणसांच्या मध्ये येऊन पडला. तो फुटला नाही. माणसं सुखरूप बाहेर आली. ब्रिटिश सैन्याच्या बॉम्बनाशक पथकानं तो निकामी करून समुद्रात नेऊन टाकला. आज तसलाच दुसरा एक बॉम्ब चर्चच्या मागच्या दालनात ठेवलेला आहे आणि प्रवासी त्याच्यापुढे रांग लावतात. या घटनेनंतर सहाच दिवसांनी सगळ्या माल्टा बेटाला जॉर्ज क्रॉस हे पदक जाहीर झालं. आणि १५ ऑगस्टला, मोस्ताच्या मेरीमातेच्या सणाच्याच दिवशी, ओहायो हे अर्धमेलं तेलवाहू जहाज व्हॅलेटाच्या बंदरात ओढत आणलं गेलं आणि उपासमारीला आलेलं बेट तगलं. मोस्ताच्या लोकांना यात काय दिसतं हे मी सांगायला नको.

बॉम्ब का फुटला नाही याच्या कथा पुष्कळ आहेत. त्या काळात न फुटलेले बॉम्ब सगळीकडेच सापडत. श्रद्धा ज्याची त्याची. मी त्यात पडत नाही. माझी तक्रार निराळी आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या भेटीत प्रवासी बॉम्बपुढे तीस मिनिटं घालवतो आणि घुमटाकडे पाच. शिवाय त्या दुपारची एक गोष्ट वास्तूच्या अंगानं पाहण्यासारखी आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. घुमटाला भोक पडलं, तरी घुमट पडला नाही. थरातले दगड एकमेकांना दाबून धरतात हे मघाशी सांगितलं; त्यातला एखादा गेला तरी बाजूचे दगड दाब फिरवून नेतात, हे त्या दिवशी कसाला लागलं. भोक नंतर बुजवलं.

शेवटी एक शेजारची गोष्ट सांगतो आणि थांबतो. गोझो बेटावर शेवकिया नावाचं गाव आहे. १९५० च्या दशकात त्या गावानंही ठरवलं की आपलं चर्च गोल असावं. त्यांचे वास्तुकार जुझे दामातो यांनी रोमऐवजी व्हेनिसकडे पाहिलं, सांता मारिया देल्ला सालुतेकडे. बांधकामाची रीत मात्र मोस्ताचीच उचलली: जुनं चर्च आत ठेवून भोवती नवं. सत्तरच्या दशकात ते पुरं झालं. जुन्या चर्चमधलं कोरीवकाम त्यांनी फेकून न देता शेजारच्या दालनात मांडून ठेवलं आहे. मोस्तापेक्षा हे शहाणपण जास्त, असं मला वाटतं. तेव्हापासून दोन्ही गावांत वाद आहे की मोठा घुमट कोणाचा. शेवकियाचे लोक उंची सांगतात, मोस्ताचे लोक व्यास सांगतात. दोघांकडेही फूटपट्टी आहे आणि दोघांचीही मापं बरोबर आहेत, त्यामुळे हा वाद मिटण्याची चिन्हं नाहीत. प्रश्नोत्तरांना अजून दहा मिनिटं आहेत असं अध्यक्ष खुणेनं सांगताहेत.